मीठ बघ, रेणू

लोणचं घालणाऱ्या बाईने लोणचं चाखायचं नाही, हा काय प्रकार, असं मला आजवर शंभर जणांनी विचारलं असेल. अकोल्यात आमच्या गल्लीत शिरलात की मोहरी-मेथीच्या वासानेच कळतं, शैलजाबाईंचं घर आलं. दर उन्हाळ्यात पाच क्विंटल कैरी फोडते मी, तीन बाया हाताखाली असतात. आणि स्वतः? पस्तीस वर्षांत फोड जिभेला लावलेली नाही. कोणी फारच खोदून विचारलं तर सांगते, मला खारट सोसत नाही बाप्पा. मग मिठाचा अंदाज कोण घेतं? आमची रेणू घ्यायची, पाच वर्षांची असल्यापासून. फ्रॉकला हात पुसत यायची, मी तिच्या बोटावर खार ठेवायची, "मीठ बघ गं, रेणू." ती डोळे मिटून चाटायची आणि मोठ्या ऐटीत सांगायची, "एक मूठ कमी." कधी म्हणून चुकली नाही पोरगी.

खरं कारण खारटाचं नव्हतं. रेणूच्या आधी मला एक मुलगी झाली होती. झाली म्हणजे, आठव्या महिन्यात झाली आणि रडलीच नाही.

तेव्हा आम्ही मूर्तिजापूरला राहत होतो. मला डोहाळे लागले ते लोणच्याचे. दुपारी सासूबाईंचा डोळा लागला की मी बरणीत हात घालायची. मग पाय सुजले, तोंड सुजलं. सासूबाई म्हणाल्या, मीठ खाऊन सुजली आहे. एके दिवशी डोकं फुटेल की काय असं दुखायला लागलं, डोळ्यांपुढे काजवे चमकले, ओकारी झाली. "पित्त झालंय," म्हणून मला कोकमाचं सरबत पाजलं. संध्याकाळी झटके आले. शुद्धीवर आले तेव्हा सरकारी दवाखान्यात होते आणि पोट सपाट होतं. डॉक्टर ह्यांना म्हणाले, बीपी फार चढलं होतं, बाई वाचली हेच नशीब समजा. सासूबाई खाटेशी आल्या, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "बरणी रिकामी केलीस, ओटी रिकामी राहिली."

एवढंच म्हणाल्या. पण ते वाक्य मी पस्तीस वर्षं पदराला बांधून फिरले. पुढे कापसाचं जिनिंग बंद पडलं, ह्यांची नोकरी गेली, अकोल्याला आलो आणि पोटासाठी मी लोणचीच घालायला लागले. लोकांना वाटतं हौस. कसली हौस! जी बरणी माझ्या तोंडावर मारली होती तिच्यावरच घर चालवून दाखवीन, अशी ती खुन्नस होती. खायचं मात्र नाही, हे तेव्हाच ठरलं होतं. रेणूला यातलं अक्षर माहीत नव्हतं. ज्यांना माहीत होतं ते सासूबाई आणि हे, दोघंही गेले. झाकली मूठ सव्वा लाखाची.

मागच्या वर्षी रेणूला दिवस गेले. ती आणि तिचा नवरा अनीश जर्सी सिटीत राहतात, दोघंही मॅनहॅटनला कामाला. तिसऱ्या महिन्यात तिचा क्लिनिकमधून फोन आला. "आई, इथे फॉर्म भरतेय. विचारलंय की तुला प्रेग्नन्सीत हाय बीपी वगैरे होतं का?"

माझ्या हातात सुरी होती, समोर लिंबं होती. मी म्हटलं, "छे गं. तू झालीस त्याच्या आदल्या दिवशीपर्यंत मी बरण्या भरत होते."

खोटं नव्हतं ते. रेणूच्या वेळी मला खरंच काही झालं नव्हतं. आणि पोटुशी बाईपुढे गेलेल्या लेकराचं नाव काढतं का कोणी? अशुभ बोलू नये, असं आपल्याकडे म्हणतात. शिवाय ते सांगितलं असतं तर बरणीचंही सांगावं लागलं असतं. आपल्या लेकीला कसं सांगायचं की बाई, तुझी मोठी बहीण मी माझ्या जिभेपायी घालवली? नाही सांगितलं. फोन ठेवला आणि लिंबं चिरली.

सातव्या महिन्यात मी जर्सी सिटीला पोचले. बाविसावा मजला, खिडकीत नदी, नदीपलीकडे ते उंच उंच मॅनहॅटन. मला त्याचं काही नाही. मी आधी रेणूचे पाय बघितले. घोटे सुजले होते.

"अगं आई, सगळ्यांचेच सुजतात," ती म्हणाली. "बीपी थोडंसं वाढलंय फक्त. एकशे अडतीस-अठ्ठ्याऐंशी. डॉक्टर म्हणाल्या, रोज दोनदा मोजायचं आणि जास्त आलं तर कॉल करायचा. डोन्ट वरी."

घरी बीपीचं यंत्र होतं, आकडे फोनमध्ये आपोआप जायचे. फ्रिजवर दवाखान्याने दिलेला एक इंग्रजी कागद चुंबकाने लावलेला होता. मी काही तो वाचत बसले नाही. बीपी हा शब्द ऐकल्यावर माझ्या पायाखालची जमीन सरकली होती आणि माझ्यापाशी उपाय एकच होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मी वहीचं पान फाडून पथ्याची यादी केली. मीठ बंद. लोणचं, पापड, चटणी बंद. बाहेरचं बंद. दही बंद, कारण दह्याने सूज येते. केळं बंद. आणि ती यादी फ्रिजवर, त्या इंग्रजी कागदाच्या वरती, त्याच चुंबकाने लावली.

अनीश गरीब स्वभावाचा. तो म्हणाला, "आई, डॉक्टरांनी मीठ बंद करायला नाही सांगितलंय. घरचं साधं, बॅलन्स्ड खा, एवढंच म्हणाल्या."

"अनीशराव, तुमचे डॉक्टर पंधरा मिनिटं बघतात. मी आई आहे."

तोही बिचारा अळणी वरण खायला लागला.

दोन आठवड्यांनी डोहाळेजेवण केलं. बिल्डिंगमध्ये खाली एक पार्टी रूम आहे, ती अनीशने बुक केली. रेणूच्या मैत्रिणी, त्यांचे नवरे, सगळी मिळून पंधराएक माणसं. हिरवी साडी, फुलांची वाडी, सगळं साग्रसंगीत. स्वयंपाक माझ्या हातचा होता, मसालेभात, अळूवड्या, बटाट्याची भाजी, कढी. सगळं अळणी. रेणूने चुकून कोणाच्या ताटातलं उचललं तर? मला धोका पत्करायचाच नव्हता. पोरं बिचारी खाली मान घालून जेवत होती. "मस्त झालंय हं काकू," एक जण म्हणाला आणि भात पाण्याबरोबर गिळला.

"मसालेभातात मीठ राहिलं की काय हो?" कोपऱ्यातून खणखणीत आवाज आला.

त्या शोभनाताई. एकोणिसाव्या मजल्यावर एकट्या राहतात, वय शहात्तर, केस पांढरेशुभ्र आणि पायांत धावायचे बूट. पन्नास वर्षांपूर्वी पुण्याहून इथे आल्या आणि बाळंतपणाच्या डॉक्टर म्हणून रिटायर झाल्या. रेणूची त्यांच्याशी लिफ्टमध्ये ओळख झालेली. मी सांगितलं, राहिलं नाही, मुद्दाम घातलं नाही, पोरीला बीपी आहे.

"मग पंधरा माणसांनी काय पाप केलंय?" त्या म्हणाल्या. सगळे हसले. मग त्या माझ्या शेजारी येऊन बसल्या आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "हे बघा, गरोदरपणातलं हे बीपी मिठाने होत नाही आणि अळणी खाऊन टळतही नाही. ते मुळात वारेतून, म्हणजे प्लासेंटातून येतं, सुरुवातीच्या महिन्यांत तिथल्या रक्तवाहिन्या नीट तयार झाल्या नाहीत की. पाकिटातलं खारट कमी करा, चांगलंच आहे ते. पण दही काऊन बंद केलंत? कॅल्शियम कुठून मिळणार पोरीला?"

काऊन म्हणाल्या, माझी वऱ्हाडी बोली वेडावायला. राग आला मला. मनात म्हटलं, असाल डॉक्टर तुमच्या घरच्या. ज्याचं जळतं त्याला कळतं.

"तुम्हाला होतं का हो असं काही? तुमच्या बाळंतपणात?" त्यांनी सहज विचारलं.

समोर रेणू पाटावर बसली होती. मांडीवर ओटीचा नारळ, खण, तांदूळ. सगळ्या जणी तिच्याकडे बघत होत्या आणि ती हसत होती. त्या घडीला तोंडातून ते शब्द काढायचे? मी म्हटलं, "नाही. मला काही नव्हतं." आणि उठून कढी वाढायला गेले. निघताना सगळ्यांना माझ्या लोणच्याची एकेक बरणी दिली, तशी त्यांनाही दिली. बॅगेत आणलेल्या बरण्या संपल्या, असं मला वाटलं.

एक राहिली होती. पाच-सहा दिवसांनी रेणूच्या टेबलाचा खण उघडला तर कागदांच्या मागे माझीच बरणी, अर्धी झालेली, आणि आत चमचा.

काय झालं मला, आज सांगताना लाज वाटते. तिची मीटिंग चालू होती. मी बरणी उचलली, बाहेर गेले, कॉरिडॉरच्या टोकाला कचरा टाकायची खिडकी असते तिच्यात ती लोटून दिली. बावीस मजले खाली जाईपर्यंत आवाज येत होता. परत आले तर रेणू दारात उभी.

"आई, एक फोड खाते मी वरणभाताबरोबर. एक! जात नाही गं ते अळणी घशाखाली."

"जिभेचे चोचले नंतर कर. पोटातल्याचं बघ आधी."

"म्हणजे? मी बघत नाहीये?"

"बघत असतीस तर लपवून खाल्लं नसतंस. उद्या काही कमी-जास्त झालं तर जन्मभर स्वतःला खात बसशील, तेव्हा कळेल."

उचलली जीभ लावली टाळ्याला. रेणूचं तोंड पांढरं पडलं. ती आत गेली आणि दार लावून घेतलं. मी स्वयंपाकघरात उभी राहून विचार करत होते की हा आवाज माझा की सासूबाईंचा. पण बोलले ते बोलले. माफी मागायची सवय आमच्या घरात कोणालाच नाही.

त्यानंतर रेणू आकडा सांगेनाशी झाली. विचारलं की "ठीक आहे" म्हणायची. मी खूश. म्हटलं, बघा, बरणी गेली आणि बीपी जागेवर आलं.

पुढच्या गुरुवारी अनीश ऑफिसला गेलेला. रेणू घरून काम करत होती. तेहतिसावा आठवडा. अकराच्या सुमाराला ती लॅपटॉप बंद करून सोफ्यावर आडवी झाली. "आई, डोकं जाम दुखतंय. आणि इथे, उजव्या बाजूला बरगडीखाली कळ येतेय." थोड्या वेळाने उठून बाथरूममध्ये गेली आणि ओकली.

"पित्त झालंय," मी म्हटलं.

खरं सांगते, मला आठवत होतं सगळं. पण मी मनाशी म्हणत होते, ते कसं असेल? मीठ बंद आहे, लोणचं बंद आहे, मग तो आजार येईलच कुठून? महिनाभर पोरीला अळणी घातलंय ते काय उगाच? हे पित्तच आहे. मी कोकम भिजत घातलं. तिच्या कपाळावर ओला रुमाल ठेवला. ती डोळे मिटून पडली होती. मग म्हणाली, "लाइट कसले चमकतायत गं, आई?"

खोलीत दिवा लावलेलाच नव्हता.

तरीही मी म्हटलं, आलेपाक दिला तर बरं वाटेल. घरात आलेपाक नव्हता. शोभनाताईंकडे असेल म्हणून लिफ्टने तीन मजले खाली गेले. त्यांनी दार उघडलं. मी म्हटलं, "आलेपाक आहे का हो? रेणूला पित्त झालंय. डोकं दुखतंय, ओकली."

"अजून काय होतंय?"

"बरगडीखाली कळ येते म्हणते. आणि डोळ्यांपुढे..." तो शब्द मी पस्तीस वर्षांत उच्चारला नव्हता. "डोळ्यांपुढे काजवे."

शहात्तर वर्षांची बाई माझ्या पुढे धावत लिफ्टकडे गेली. मी मागे. रेणूच्या दंडाला पट्टा गुंडाळला, यंत्र घरघरलं. एकशे अडुसष्ट, एकशे दहा. शोभनाताईंनी आकडा बघितला, रेणूचा फोन हातात घेऊन मागचे आकडे बघितले आणि म्हणाल्या, "तीन दिवस दीडशेच्या वर आहे. कॉल का नाही केलास, बाळा?"

रेणूने माझ्याकडे बघितलं नाही. त्यांच्याकडे बघत म्हणाली, "सोमवारी ऑफिसजवळ मी लोणच्याचं पाकीट घेतलं होतं. मला वाटलं त्यानेच वाढलंय. आई म्हणाली असती, बघ, म्हटलं नव्हतं? मी म्हटलं, दोन दिवस कडक पथ्य करते, उतरेल आपोआप."

मी फ्रिजपाशी उभी होते. शोभनाताई हॉस्पिटलचा नंबर शोधायला तिकडे आल्या, माझी यादी बाजूला केली आणि खालचा इंग्रजी कागद काढला. त्या वाचत गेल्या आणि मला मराठीत सांगत गेल्या. डोकं दुखणं. डोळ्यांपुढे चमकणं. उजव्या बरगडीखाली दुखणं. यातलं काहीही झालं तर लगेच फोन करा. तो कागद महिनाभर माझ्या पथ्याखाली होता.

अँब्युलन्स आठ मिनिटांत आली, शोभनाताईही आमच्याबरोबर चढल्या. अनीशला फोन केला, तो परस्पर हॉस्पिटलमध्ये येत होता. तिथे रेणूला पलंगावर घेतलं, सुया लावल्या, बाळाच्या ठोक्यांचं यंत्र लावलं. टक टक टक टक असा आवाज खोलीत भरला. ठोके आहेत, एवढं मला कळलं. एक नर्स कॉम्प्युटरवर भराभर प्रश्न विचारत होती. तिचं इंग्रजी मला अर्धं कळत होतं, पण तो प्रश्न पुरता कळला. आई किंवा बहिणीला असं बीपी होतं का?

"नो," रेणू म्हणाली. "आय ॲम ॲन ओन्ली चाइल्ड."

नर्सचं बोट खटकन खाली येणार, एवढ्यात मी बोलले. कसं बोलले कोण जाणे. "येस," मी म्हटलं. "आय ॲम मदर. मला होतं. बीपी, फिट्स. बेबी डेड."

खोलीत ते ठोके तेवढे चालू राहिले.

शोभनाताई पुढे आल्या. माझं मनगट धरून म्हणाल्या, "मराठीत सांगा. मी सांगते त्यांना." मी सांगितलं. कितवा महिना, कसं दुखलं, कधी झटके आले. कोकमाचं सरबतही सांगितलं. आणि कोणी विचारलं नव्हतं तरी बरणीचं सांगितलं. म्हटलं, मी चोरून खायची म्हणून पोर गेली, तशी ही जाऊ नये म्हणून मी हिचं मीठ तोडलं. शोभनाताईंनी बाकीचं सगळं इंग्रजीत सांगितलं. बरणीचं नाही सांगितलं.

रेणू माझ्याकडे बघत होती. तिच्या डोळ्यांत पाणी होतं की आग होती, मला ओळखता आलं नाही. म्हणाली, "मी फोनवर विचारलं होतं तुला, आई."

"हो."

"सरळ विचारलं होतं."

"हो गं."

मग तिला औषध चढवायला घेतलं, झटके येऊ नयेत म्हणून, आणि मला बाहेर काढलं.

बाहेरच्या बाकावर शोभनाताई माझ्या शेजारी बसल्या. मग मी विचारलं, "मी आधी सांगितलं असतं तर?"

खोटा दिलासा त्यांना देता आला असता. तशी बाई नाही ती. म्हणाल्या, "पहिलं बाळंतपण आणि आईला हा आजार, एवढं कळलं असतं तर तिसऱ्या महिन्यापासून रोज एक छोटी ॲस्पिरिन दिली असती. आणि बीपीवर आणखी बारीक लक्ष ठेवलं असतं. त्याने धोका कमी होतो. टळलंच असतं असं मात्र कोणीच सांगू शकत नाही."

मी पदर तोंडावर धरला.

"आता दुसरं ऐक, शैलजा." पहिल्यांदाच अगं-तुगं केलं त्यांनी. "चाळीस वर्षं मी हेच बघितलं. राजवाड्यातल्या बायकांना होतं, झोपडीतल्यांना होतं. मीठ खाणाऱ्यांना होतं, न खाणाऱ्यांना होतं. नीट चौरस जेवावं, दूधदुभतं असावं, भाज्या असाव्यात, त्याचा उपयोग आहेच. पण लोणच्याच्या फोडीने पोटातलं मूल मेलेलं मी एकही बघितलं नाही. तुझी मुलगी तुझ्या जिभेने नाही गेली. आजाराने गेली. त्या दिवशी कोणी वेळेवर दवाखान्यात नेलं असतं तर कदाचित..." त्या थांबल्या. "सरबत पाजणारीला माहीत नव्हतं. तुलाही नव्हतं."

आज तुला माहीत होतं, असं त्या म्हणाल्या नाहीत. ते माझं मलाच म्हणायचं होतं. पस्तीस वर्षं जो दोष माझा नव्हता तो छातीशी धरून बसले, आणि त्याच्यापायी जो खरा दोष होता तो करून बसले. मी त्या बाकावर ढसाढसा रडले. येणारे-जाणारे बघत होते, बघू देत.

दोन दिवस धरून ठेवलं डॉक्टरांनी, बाळाच्या फुप्फुसांसाठी रेणूला इंजेक्शनं दिली. शनिवारी दुपारी सिझेरियन झालं. मुलगी. एक किलो सहाशे सत्तर. अनीश धावत आला आणि माझ्या पाया पडण्याऐवजी मला मिठीच मारली. "आई, रडली! जोरात रडली!" त्याला काय माहीत, त्या एका शब्दासाठी मी किती वर्षं कान लावून बसले होते.

बाळाला काचेच्या पेटीत ठेवलं होतं. रेणूचं बीपी उतरायला वेळ लागत होता, तिला दोन दिवस उठू देत नव्हते. सोमवारी सकाळी ती म्हणाली, "आई, तू बघून आलीस तिला?"

"नाही."

"का?"

माझी नजर नको पडायला, असं वाटत होतं.

रेणू खिडकीकडे बघत राहिली. मग एकदम म्हणाली, "ती कशी होती? माझी ताई?"

ताई म्हणाली ती. त्या लेकराला आजवर कोणी काही नाव ठेवलं नव्हतं, नातं दिलं नव्हतं.

"माहीत नाही," मी म्हटलं. "मला दाखवलीच नाही. मी शुद्धीवर यायच्या आत घेऊन गेले."

रेणूने हात पुढे केला. सुईची नळी लावलेला हात. मी तो धरला. "मला अजून राग आहे तुझा," ती म्हणाली. "बराच आहे. पण जा, बघून ये. तीही आठव्या महिन्यातलीच आहे."

अनीश मला घेऊन गेला. कोपरापर्यंत हात धुवायला लावले. पेटीत ती उताणी झोपली होती, डोक्यावर एवढीशी टोपी, नाकाला नळी, मुठी वळलेल्या. पाय माझ्या अंगठ्याएवढे. भुवया होत्या. नखं होती. मला वाटत आलं होतं की आठव्या महिन्याचं म्हणजे काहीतरी अर्धवट, न पाहवणारं असेल, म्हणून दाखवलं नाही. तसं काहीच नव्हतं. पुरं माणूस होतं. नर्सने खूण केली तसा मी पेटीच्या भोकातून हात आत घातला आणि तिने माझं बोट धरलं. मी दोघींसाठी उभी राहिले तिथे, पाय दुखेपर्यंत.

परत आले तर शोभनाताई डबा घेऊन आल्या होत्या. दहीभात, कढीपत्त्याची फोडणी दिलेला. आणि शेजारी बरणी, डोहाळेजेवणाला मी त्यांना दिली होती ती. "पेशंटला दहीभात," त्या म्हणाल्या. "मीठ माणसासारखं घातलंय. बरणी तुझ्यासाठी आणली आहे, शैलजा."

रेणूला पहिल्यांदाच धड भूक लागली होती. चार घास खाल्ले, मग तिने बरणीचं झाकण उघडलं, चमच्याच्या टोकावर एक फोड घेतली. मला वाटलं ती खाणार, आणि माझा हात सवयीने पुढे झाला, अडवायला. पण तिने चमचा माझ्यापुढे धरला.

"दर वर्षी माझ्याकडून बघून घेतलंस," ती म्हणाली. "आता तू बघ."

"रेणू, नको गं."

"मीठ बघ, आई."

मी डोळे मिटले आणि फोड तोंडात घेतली. आधी मोहरी लागली, मग आंबट, मग मेथीचा कडवटपणा. माझ्या हातची चव मला ठाऊकच नव्हती. गालांवरून पाणी ओघळत होतं आणि मी चावत होते.

मीठ बरोबर होतं.